उणे हजार यायला हवं होतं

माझं दिवसभराचं काम आकड्यांचं. हिशेबाच्या शीटमध्ये वजा रक्कम लाल रंगात दिसते आणि वर्षानुवर्षं ती बघून माझी नजर आपोआप लाल शोधत जाते, आणि सगळं सुरू झालं ते त्या लालपासूनच. एक दिवस डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून तो चोळत होते आणि उजव्याच डोळ्याने स्क्रीन बघत होते तर लाल आकडे तपकिरी दिसले. गंजलेल्या खिळ्यासारखे. मला वाटलं स्क्रीनचं सेटिंग बिघडलं. डावा डोळा उघडला तर लालभडक, मिटला की परत गंज. चार-पाच वेळा अशी उघडझाप करून बघितली तेव्हा शेजारच्या टेबलवरची म्हणाली, "डोळा कोणाला मारतेयस गं?"

उजव्या डोळ्याच्या मागे दुखत होतं ते त्याआधी दीड महिन्यापासून. ठणका नाही, जडपणा, जणू आतून कोणी अंगठा दाबून धरलाय. पण रोज स्क्रीनसमोर बसणाऱ्या बाईला डोळ्यामागे दुखलं तर ती काय समजणार, चष्म्याचा नंबर वाढला असेल. तसंच समजून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

नंबर वाढला नव्हता. उजव्याने तक्त्यावर 6/12 पर्यंतच वाचता आलं, पूर्ण नजर म्हणजे 6/6, आणि काच बदलली, बारीक भोकातून बघायला लावलं, तरी त्याच्या पुढे जाईना. मग मॅडमनी ड्रॉप्सची एक छोटी बाटली उचलली, बाहुली मोठी करायच्या ड्रॉप्सची, तिचं झाकण लाल असतं, आणि म्हणाल्या, एकेका डोळ्याने बघा आणि डाव्याला शंभर टक्के लाल धरलं तर उजव्याला किती ते सांगा. मी म्हटलं पन्नास. असा हिशेब मला पटकन जमतो. मग अंधारात टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर, परत या डोळ्यावर. उजव्या डोळ्यावर उजेड आला की बाहुली आवळायला हवी, माझी मात्र सैल पडत होती, म्हणजे उजेड आत जातोय पण त्याची बातमी मागे पोचताना डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत कुठेतरी कमी होतेय. आतून डोळा तपासला तर नसेचं डोळ्यातलं टोक एकदम ठणठणीत दिसत होतं. मॅडम हसून म्हणाल्या, आमच्यात जुना विनोद आहे, नसेचा त्रास डोळ्याच्या मागे असला की पेशंटला काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही.

फील्ड टेस्ट झाली, म्हणजे वाडग्यात डोकं घालून बसायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. उजव्याच्या मधोमध एक डाग आला. मग एमआरआय.

आता इथे माझी चूक सांगून टाकते. एमआरआयच्या फॉर्मवर "पूर्वीची ऑपरेशन" असा एक रकाना असतो. तो मुख्यतः शरीरात धातू वगैरे आहे का ते कळावं म्हणून असतो असं मला वाटायचं. मी लिहिलं अपेंडिक्स. नाकातले पॉलिप, म्हणजे आत वाढलेले मऊ कोंब, 11 वर्षांपूर्वी काढले होते ते लिहिलंच नाही. लपवलं नाही हो, आठवलंच नाही. दुर्बिणीने केलेलं, दुसऱ्या दिवशी घरी आले, बाहेर टाका नाही की व्रण नाही, ते माझ्या डोक्यात ऑपरेशन म्हणून जमाच नव्हतं. डोळ्याच्या तपासणीला आलोय तर नाकाचं कोण सांगत बसणार.

एमआरआय पाऊण तासाचा. डोळ्याची तपासणी असली तर काजळ मस्कारा सगळं पुसून जायचं, काहींच्या रंगात लोखंडाचे कण असतात, ते चित्र बिघडवतात आणि कधी चटकाही बसतो, हे मला तिथे गेल्यावर कळलं आणि ओल्या कापसाने पुसत बसले. पिंजऱ्यासारखं काहीतरी तोंडावर लावतात, मग ठकठक, करकर, मध्येच हातातून डाय. रिपोर्ट आला, मेंदू नॉर्मल, उजवी नस मागच्या बाजूला, हाडाच्या बोगद्याजवळ, थोडी जास्त चमकतेय, सायनसमध्ये हवा व्यवस्थित. म्हणजे नसेला सूज असणार. तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड घेतलं आणि खरंच आठवड्यात लाल रंग बराच लाल झाला, मी खूश, आणि तीन आठवड्यांनी परत गंज. ह्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त.

तेव्हा मॅडम खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, आता पहिल्यापासून सांगा, सगळं. नसेला नुसती सूज असली तर बहुतेकांना डोळा फिरवला की दुखतं, तुम्हाला फिरवताना दुखत नाही. वय बहुतेकदा विशी ते चाळिशीचं असतं, तुमचं 51. आणि औषध थांबल्यावर असं घसरायला नको. आजपर्यंत गळ्याच्या वर जे काही झालंय ते सांगा, दात, कान, नाक. नाक म्हटल्यावर मला पॉलिप आठवले. त्या काही बोलल्या नाहीत, पॅड ओढून चिठ्ठी लिहायला लागल्या. ती चिठ्ठी मी फोटो काढून ठेवलीय. "सायनसचा सीटी, बारीक स्लाइस, नेव्हिगेशनच्या पद्धतीने. उजव्या नसेचा मागच्या सायनसशी संबंध बघावा. 11 वर्षांपूर्वी नाकाचं ऑपरेशन. ओनोडी सेल?" प्रश्नचिन्हासकट.

सीटी म्हणजे एमआरआयच्या मानाने किरकोळ प्रकार, सुरू व्हायच्या आधी संपतो. आधी नाक नीट शिंकरायला सांगितलं. कानातलं, चष्मा काढा, काढता येणारा दात आहे का. उताणं झोपा. पूर्वी म्हणे समोरून कापल्यासारखं चित्र हवं असेल तर पेशंटला पालथं झोपवून मान मागे ताणून धरायला लावायचे, आता उताण्या माणसाचा एकदाच स्कॅन होतो आणि आडवं-उभं-तिरकं जसं पाहिजे तसं कॉम्प्युटर कापून देतो. टेक्निशियन म्हणाला डोळे मिटा पण मिटल्यावर आत फिरवू नका, समोर बघतोय असं धरा, आणि गिळू नका. गिळू नका म्हटल्यावर तोंडात जेवढी लाळ येते तेवढी आयुष्यात कधी येत नाही. पण पाच-दहा सेकंदातच खाट बाहेर आली. डाय वगैरे काही नाही. रेडिएशनचं विचारलं तर तो म्हणाला सायनसच्या सीटीत साधारण एक मिलिसिव्हर्टच्या आत काम होतं, जमीन आकाश मिळून निसर्ग आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 देतोच.

मी बाहेर बसले होते तर आतून बोलावणं आलं. माझ्या पोटात गोळा. रेडिओलॉजिस्ट सर स्वतः, काळोख्या खोलीत दोन मोठे स्क्रीन, म्हणाले, तुमचा जुना एमआरआय आणलाय का? सीडी पिशवीत होतीच. ती घालून त्यांनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले आणि मी विचारलं मी बघू का, तर म्हणाले, बसा ना, तुमचंच आहे.

पुढची वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्यांनी समोरून कापलेली चित्रं घेतली, म्हणजे ब्रेडच्या स्लाइससारखा चेहरा, पहिली स्लाइस नाकाच्या टोकाची आणि मग माऊसचं चाक फिरवत मागे मागे. आधी दोन डोळ्यांचे दोन गोल. गोल संपले की डोळ्यामागची चरबी, ती सीटीत काळपट दिसते, आणि त्या काळपटात बरोब्बर मधे एक करडा ठिपका. "ही तुमची नस. ह्या ठिपक्यावरून नजर हलवू नका." चाक फिरतंय, ठिपका हळूहळू आत, नाकाच्या बाजूला सरकतोय, भोवतीची चरबी कमी होतेय, आणि मग हाडाची पांढरी रेघ चारी बाजूंनी जवळ आली आणि ठिपका एका भोकात शिरला. बोगदा. साधारण एक सेंटिमीटर लांबीचा. डोळ्यापासून मेंदूच्या तळाशी दोन नसा भेटतात तिथपर्यंत नस सगळी मिळून पाच सेंटिमीटरच्या आसपास, त्यातला हा सगळ्यात अडचणीचा तुकडा, कारण इथे चरबीची गादी नाही, नस थोडी सुजली किंवा बाहेरून कोणी ढकललं तर सरकायला जागाच नाही. आणि ह्या बोगद्याची आतली भिंत म्हणजे सायनसची बाहेरची भिंत. एकच भिंत, अलीकडे नाकाची हवा, पलीकडे नजर. किती जाड? बऱ्याच जणांत अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही.

मला आजवर वाटायचं सायनस म्हणजे कपाळ आणि गाल, सर्दी झाली की दुखतात ते. सगळ्यात मागे, जवळजवळ डोक्याच्या मधोमध एक सायनस असतं, स्फेनॉइड, हे माहीतच नव्हतं. नस त्याच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून जाते. सर म्हणाले ती कशी जाते ह्याचे चार प्रकार 1996 साली सीटी बघूनच पाडलेत. पहिल्यात नस सायनसच्या भिंतीला नुसती लागून जाते, भिंतीवर वळसुद्धा नाही. त्या पाहणीत असे 76 टक्के निघाले. दुसऱ्यात भिंत आत दबलेली, 15 टक्के. तिसऱ्यात नस सायनसच्या हवेतून जाते, खोलीतून पाइप जावा तशी, 6 टक्के. आणि चौथ्यात स्फेनॉइडला पण लागून आणि त्याच्या पुढच्या एथमॉइड सायनसच्या मागच्या कप्प्यालाही लागून, उरलेले 3 टक्के. "तुमची डावी पहिल्यातली, आणि उजवी ह्या तीन टक्क्यांतली."

मग मला ते ओनोडी प्रकरण समजलं. एथमॉइड म्हणजे दोन डोळ्यांच्या मधलं मधमाशीच्या पोळ्यासारखं छोट्या छोट्या कप्प्यांचं सायनस. काहींमध्ये त्यातला शेवटचा कप्पा वाढत वाढत मागे जातो आणि स्फेनॉइडच्या डोक्यावर जाऊन बसतो, नसेला कवेत घेऊन. अडॉल्फ ओनोडी नावाचे हंगेरीतले नाक-कान-घशाचे डॉक्टर होते, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, त्यांचं नाव त्याला मिळालं, आणि तेव्हा सीटी सोडा, ह्या भागाचा धड एक्सरेही निघत नसणार, त्यांनी मृतदेहांच्या विच्छेदनातून हे शोधलं. कप्पा असणं हा आजार नाही, कित्येकांना असतो आणि कळतही नाही. समोरून कापलेल्या चित्रात तो ओळखायची खूण सरांनी दाखवली, स्फेनॉइडच्या जागी एक आडवी भिंत दिसली की समजायचं वरचा मजला ओनोडीचा, खालचा स्फेनॉइडचा. माझ्या उजव्या बाजूला आडवी रेघ स्पष्ट होती. डावीकडे नव्हती.

आणि तो वरचा मजला भरलेला होता.

सीटीत हवा काळीकुट्ट दिसते. माझा ओनोडी करडा होता, आणि नुसता भरलेला नाही तर फुगलेला, कोपरे गोल झालेले, भिंती बाहेर ढकललेल्या. मी म्हटलं, पण एमआरआयच्या रिपोर्टमध्ये तर हवा व्यवस्थित लिहिलंय. सरांनी शेजारच्या स्क्रीनवर तीच जागा काढली. काळी. एकदम काळी, बाकीच्या सायनससारखीच. मी दोन्हीकडे आळीपाळीने बघतेय, एकाच बाईचं एकच डोकं.

"एमआरआयला पाणी दिसतं," सर म्हणाले. हवेत पाणी नाही म्हणून हवा काळी. पातळ हाडात जवळजवळ नाही, म्हणून तेही काळं. म्हणजे हवा आणि ती पातळ भिंत ह्यातली सीमाच दिसत नाही, काळ्यावर काळं. आणि शेंबूड वर्षानुवर्षं कोंडून राहिला की त्यातलं पाणी आटत जातं, प्रोटीन घट्ट होत जातं, सुरुवातीला तो चमकतो, मग मंद होतो आणि पार वाळला की तोही काळा. हवेची हुबेहूब नक्कल. असा शेंबूड कोंडून फुगलेला कप्पा म्हणजे म्यूकोसील. जुन्या ऑपरेशनच्या जागी व्रण धरून तोंड बंद झालं असणार आणि आत 11 वर्षं साठत गेलं.

मग त्यांनी सीटीवर एक छोटा गोल ओढला, नाकाच्या पोकळीतल्या हवेवर. आकडा आला, उणे 990 च्या आसपास. सीटीत प्रत्येक ठिपक्याला आकडा असतो, पाणी शून्य धरलेलं, हवा उणे हजार, हाड अधिक शेकड्यांत किंवा हजारावर. ह्या आकड्यांना हाउन्सफील्डचं नाव आहे, ज्यांनी सीटीचं मशीन बनवलं, 1971 मध्ये पहिला पेशंट आणि 1979 मध्ये नोबेल. आता तोच गोल ओनोडीवर. अधिक 72.

हे मात्र मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. जिथे उणे हजार यायला हवं तिथे अधिक 72. अशी नोंद माझ्या शीटमध्ये आली असती तर मी त्या दिवशी जेवायला उठले नसते.

मला राग आला होता, खरं सांगते. आधीच्या रिपोर्टवाल्याने एवढं कसं सोडलं, दोन महिने गेले माझे. सरांनी बाजू घेतली नाही आणि दोषही दिला नाही. एमआरआय परत नीट बघून म्हणाले, डाय दिल्यानंतरच्या चित्रात त्या काळ्याच्या कडेने बारीक पांढरी रेघ आहे, आणि उजवा कप्पा डाव्यापेक्षा फुगीर आहे, शोधायला बसलं तर सापडतं. आणि इथे बघा. समोरून कापलेल्या एका चित्रात नस करडी आणि तिच्याभोवती पाण्याचं पांढरं कडं, अंगठीसारखं. डावीकडे कडं बोगद्याच्या तोंडापर्यंत पूर्ण. उजवीकडे बोगद्याजवळ चंद्रकोर झालेली, आतल्या बाजूने दाबलेली. "पण तुमच्या स्लिपवर नाकाचं एक अक्षर नव्हतं. नसेची सूज आहे का एवढंच विचारलं होतं, त्यांनी तेवढंच बघितलं. मीही कदाचित हवाच लिहिलं असतं." माझा राग अर्धा तिथेच माझ्याकडे वळला.

अजून एक गोष्ट विचारली. बोगद्याची भिंत, ती पांढरी रेघ, माझ्या उजव्या बाजूला मध्येच तुटलेली दिसत होती. म्हणजे हाड खाल्लं गेलं? सर म्हणाले छातीठोक सांगणार नाही, स्लाइस अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची आहे, हाड त्याहून पातळ झालं की आजूबाजूच्या रंगात मिसळून जातं, असूनही नाही असं दिसतं. रिपोर्टमध्ये मी "भिंत अतिशय पातळ किंवा नाही" लिहितो, आणि ऑपरेशन करणाऱ्याने ती नाहीच असं धरून चालायचं. शिवाय स्फेनॉइडच्या मधल्या पडद्याचं मागचं टोक कुठे चिकटलंय तेही त्यांनी लिहिलं, कारण ते माझ्या बाबतीत मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या हाडावर चिकटलं होतं, असा पडदा ओढून तोडायचा नसतो.

नाकाच्या डॉक्टरांनी दोन दिवसांत ऑपरेशन ठेवलं. नस दाबलेली असताना वाट बघत नाहीत. नेव्हिगेशन म्हणजे माझा तोच सीटी मशीनमध्ये घालतात आणि चेहऱ्यावरचे बिंदू जुळवतात, मग आतलं हत्यार कुठे आहे ते स्क्रीनवर त्याच स्लाइसवर दिसतं. त्यासाठी स्कॅनमध्ये नाकाचं टोक, कपाळ सगळं पूर्ण यावं लागतं, कडेला कापलेलं चालत नाही. मॅडमनी चिठ्ठीत तो एक शब्द लिहिला होता म्हणून मला दुसरा स्कॅन करावा लागला नाही. पण डॉक्टर म्हणाले मशीन एक-दोन मिलिमीटर इकडे तिकडे दाखवू शकतं, आणि तुमची भिंत तर अर्ध्याचीही नाही, तेव्हा भरवसा चित्रावरच्या खुणांवर. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ते एकटेच माझा स्कॅन वर-खाली करत बसले होते असं नर्स म्हणाली. ऑपरेशनबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, मी झोपले होते. आतून हिरवट तपकिरी मेणासारखं निघालं म्हणे. कप्पा मोठा उघडून दिला, नसेच्या बाजूला हातही लावला नाही.

डोळ्यामागचा अंगठा दुसऱ्याच दिवशी गेला. लाल मात्र हळूहळू आला, सहा आठवड्यांत तक्त्यावर 6/9, आणि लाल झाकण पन्नासवरून ऐंशीवर. मॅडम म्हणाल्या थोडं आणखी वाढेल, सगळं येईलच असं नाही, नस किती दिवस दाबलेली होती त्यावर असतं.

परवा सहा महिन्यांनी परत एमआरआय झाला, दर वेळी सीटीचं रेडिएशन नको म्हणून. "पूर्वीची ऑपरेशन" रकान्यात मी लिहायला लागले, अपेंडिक्स, पॉलिप, कोणत्या साली, म्यूकोसील, उजवा ओनोडी, आतला वाळलेला शेंबूड काळा दिसतो कृपया सीटी शेजारी ठेवून बघावे, आणि जागा संपली म्हणून समासातून वर गेले. टेक्निशियन पोरगा म्हणाला, "मॅडम, एवढं नका लिहू, फक्त पेसमेकर वगैरे आहे का ते सांगा." मी म्हटलं राहू दे बाळा.

रिपोर्ट चांगला आहे, कप्पा उघडा, कडं दोन्हीकडे पूर्ण. उजव्याने लाल अजून किंचित विटकं दिसतं, दोन्ही डोळ्यांनी बघताना जाणवत नाही. तरी शीटमधल्या वजा रकमांना आता लाल रंगाबरोबर कंसही लावून ठेवलाय.